आबाला क्लीव्हलँडला पाठवण्याबाबतचा ठराव

विनय खटावकरांनी स्टीलच्या ताटावर डाव आपटला आणि जाहीर केलं, "सभेचं कामकाज सुरू होत आहे. सर्व सभासदांनी वडे खाली ठेवावेत."

वडे कुणीही खाली ठेवले नाहीत. साबुदाण्याचे होते, त्यांच्या बायकोने, सुनेत्राने, वरून गरमागरम पाठवले होते, आणि खाली ठेवला तर शेजारचा उचलेल याची प्रत्येकाला खात्री होती.

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये, खटावकरांच्या घराच्या बेसमेंटमध्ये दर वर्षी जूनच्या शेवटच्या शनिवारी दुपारी हा सोहळा भरायचा. डेट्रॉइट हॅमर्स या बास्केटबॉल टीमच्या मराठी चाहत्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा! बाकीचं जग टीमवर प्रेम करतं ते जर्सी घालून आणि घसा फोडून. विनयरावांनाही ते येत होतं. जर्सी आत्ताही अंगात होती, इस्त्री केलेली. पण त्यांचे वडील साताऱ्याच्या जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. सूचक, अनुमोदक, इतिवृत्त हे सगळं त्यांच्या रक्तातच होतं. सीझन संपला, की कुठला खेळाडू ठेवावा, कुठला द्यावा, कुठला आणावा यावर रीतसर ठराव मांडायचे, यथेच्छ भांडायचं, हात वर करून मतं घ्यायची आणि पास झालेला ठराव इंग्रजीत टाइप करून टीमच्या ऑफिसला ईमेल करायचा, हा त्यांचा शिरस्ता. टीमने आजवर एकदाही उत्तर दिलं नव्हतं. त्यावाचून यांचं काही अडलंही नव्हतं.

आणि यंदा तर नुसतं उधाण आलं होतं. हॅमर्स गेली काही वर्षं 'रीबिल्डिंग' करत होते, म्हणजे जुनी टीम मोडून नवी बांधत होते. सुनेत्राचं किचन एकदा असंच रीबिल्ड करायला काढलं होतं आणि घरातले सगळे कितीतरी महिने बाथरूमच्या सिंकमध्ये भांडी घासत होते; हा तसलाच प्रकार. हरण्याचे नवेनवे विक्रम झाले. पण या वर्षी पोरं चक्क जिंकायला लागली होती. प्लेऑफ, म्हणजे शेवटची बाद फेरी, अगदी थोडक्यात हुकली. आता या उन्हाळ्यात दोन-चार गोष्टी मनासारख्या झाल्या तर पुढच्या वर्षी... पुढचं कुणी बोलत नव्हतं, दृष्ट लागेल म्हणून. मंगळवारपासून खेळाडूंची देवघेव सुरू व्हायची होती, आणि बेसमेंटमध्ये बसलेल्या प्रत्येकाला वाटत होतं, की ती आपल्याला विचारूनच होणार आहे.

सगळ्यांच्या अंगात आलं होतं. एकटी अस्मिता सोफ्याच्या टोकाला गार झालेला वडा हातात धरून बसली होती.

अस्मिता ही विनयरावांची मुलगी. जन्म इथलाच, वय सत्तावीस, नोकरी गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत. कुठला ब्रेक किती वापरल्यावर किती झिजेल, याचं गणित ती मांडायची. शिवाय सभेची चिटणीस. काल दुपारी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये उभं राहून तिने फोनवर एका बाईंना "येस" म्हटलं होतं आणि मग दोन गाड्यांच्या मध्ये जागच्या जागी उड्या मारल्या होत्या. बास्केटबॉल टीमच्या ऑफिसात नोकरी! खेळाडू निवडणाऱ्या माणसांच्या शेजारी बसून काम करायचं! सोमवारी सह्या व्हायच्या होत्या. लहानपणापासून तिने दुसरं काही मागितलंच नव्हतं.

फक्त टीम क्लीव्हलँडची होती.

क्लीव्हलँड ॲडमिरल्स म्हणजे हॅमर्सचे हाडवैरी. न्यू जर्सीला ड्राइव्ह करून जाताना विनयराव क्लीव्हलँडच्या आसपास गाडीत पेट्रोलसुद्धा भरत नसत. एकदा काटा पार खाली टेकला होता, सुनेत्रा जीव मुठीत धरून बसली होती, तरी गाडी थांबली ती त्या गावाची हद्द संपल्यावरच.

पण अस्मिताच्या हातातला वडा गार झाला होता तो त्यामुळे नव्हे. बाबा आदळआपट करतील, दोन दिवस तोंड फिरवतील आणि मग लेकीचं कौतुक सांगत साऱ्या मिशिगनभर हिंडतील, हे ती ओळखून होती. क्लीव्हलँड काही चंद्रावर नव्हतं. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी. खरी अडचण त्या फोनवरच्या बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितली होती. आता खेळाडूंबद्दल, ट्रेडबद्दल बाहेरच्या कुणाशीही एक अक्षर बोलायचं नाही. मित्रांशी नाही, घरच्यांशी नाही, आणि आजपासूनच नाही. "ऑफ कोर्स," अस्मिता म्हणाली होती. उड्या मारून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण काय कबूल करून बसलो.

कारण ती आणि बाबा दुसऱ्या कशाबद्दल कधी बोललेच नव्हते.

विनयराव मूळचे क्रिकेटवाले. अस्मिता सात वर्षांची असताना शाळेतून हॅमर्सचा झेंडा घेऊन घरी आली, तेव्हा त्यांनी लायब्ररीतून बास्केटबॉलच्या नियमांचं पुस्तक आणलं आणि परीक्षेसारखं पाठ केलं. मग ती मोठी झाली, आणि एक काळ असा आला, की घरात कुणी काहीही विचारलं तरी तिचं उत्तर एकच, "फाइन." शाळा फाइन, मैत्रिणी फाइन, जेवण फाइन. सुनेत्रा हात टेकून बसायची. पण गाडीत बसल्यावर बाबांनी नुसतं विचारायचा अवकाश, "काय गं, काल त्या सेंटरला का बसवलं असेल बाहेर?" की पोरगी घर येईपर्यंत थांबायची नाही. कॉलेज कुठलं निवडायचं हे त्यांनी ड्राफ्टबद्दल, म्हणजे टीम कॉलेजमधली नवी पोरं निवडतात त्याबद्दल, बोलता बोलता ठरवलं. तिचा ब्रेकअप झाला तेव्हा दोघं घरासमोर गाडी उभी करून, "मला वाटतं, हा गार्ड आपल्या टीमला सूटच होत नव्हता" असं कितीतरी वेळ बोलत बसले, आणि आत येताना ती हसत होती. तो गार्ड कोण, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

आता हे बंद. सुनेत्राला तिने काल संध्याकाळीच सांगितलं होतं. आई आधी रडली, मग तिने देवापुढे साखर ठेवली, आणि मग बजावलं, "बाबांना सभेच्या आधी सांग, नाहीतर सभेनंतर. सभेत नको." सकाळी अस्मिता सांगायला गेली, तर बाबा शीळ घालत खुर्च्या मांडत होते. तिला धीर झाला नाही.

"ठराव क्रमांक एक," विनयरावांनी घसा साफ केला. "मागील सभेत बहुमताने फेटाळला गेलेला, परंतु चिटणीसांच्या आग्रहास्तव पुन्हा विचारार्थ घेतलेला. मार्कस ओडेल, ऊर्फ आबा, यांस क्लीव्हलँडला देऊन त्या बदल्यात त्यांचा तरुण शूटर आणि एक ड्राफ्ट पिक, म्हणजेच नवा खेळाडू निवडण्याचा एक हक्क, घ्यावा."

बेसमेंटमध्ये एकच कल्ला झाला.

आबा म्हणजे हॅमर्सचा सेंटर, बास्केटखाली उभा राहून बॉल अडवणारा. चांगला सात फुटी गडी, पण तिशी उलटली होती, गुडघे बोलायला लागले होते, आणि बेंचवरून उठताना तो दोन्ही हात मांड्यांवर टेकून उठायचा. त्यावरूनच सभेतल्या सुहासिनी मावशींनी त्याचं नाव आबा ठेवलं होतं. टीम मार खात होती त्या सगळ्या वर्षांत बाकीचे पळाले. हा एकटा राहिला. विनयरावांच्या अंगातल्या जर्सीवर त्याचाच नंबर होता. अध्यक्ष असल्यामुळे ते मत देत नसत, पण आबाला द्यायचं नाव काढलं, की त्यांच्या कपाळावर आठी चढायची ती सगळ्या सभेला दिसायची.

"ठराव मांडण्यासाठी मी चिटणीसांना विनंती करतो," ते म्हणाले. आठी चढली होती, पण डोळे चमकत होते. लेकीशी भांडायला मिळणार, म्हणून माणूस खुशीत होता.

अस्मिता उभी राहिली. "मी... मी मांडत नाही."

"म्हणजे?"

"मी न्यूट्रल आहे."

तटस्थ! अस्मिता खटावकर, आणि तटस्थ! मावशींनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. विनयरावांनी डाव खाली ठेवला. "ताप-बिप आहे का गं?"

"नाही, बाबा. आय ॲम फाइन."

तो शब्द ऐकल्यावर विनयरावांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. पण सभा खोळंबली होती.

"मग मी मांडतो!" मागच्या खुर्चीवरून यशोधन उठला. हा पुण्याहून इंजिनिअरिंग करून इकडे मास्टर्सला आलेला विद्यार्थी. सभेचं त्याचं पहिलंच वर्ष. "काका, सॉरी, अध्यक्ष महोदय, आबा ग्रेट आहे, यार, पण आपली बाकीची टीम बघा ना. सगळी विशी-बाविशीतली पोरं. ती जोरात येतील तेव्हा आबा कुठे असेल? आज त्याला डिमांड आहे. पुढच्या वर्षी कोणी विचारणार नाही."

"अनुमोदन!" सुहासिनी मावशी म्हणाल्या.

"तेवढ्यासाठी घरच्या माणसाला हाकलून देशील काय बे?" श्रीरंगकाका गरजले. हे विनयरावांचे जुने मित्र, मूळचे नागपूरचे, आणि आवाज असा, की बेसमेंटमधून बोलले तरी शेजारचा कुत्रा उत्तर द्यायचा. "आपण सलग हरून राहिलो होतो, तेव्हा कोण खेळत होतं? तुझे ते बावीस वर्षांचे पोट्टे? आबा! सुजलेला गुडघा घेऊन खेळत होता! आणि आता जिंकायची वेळ आली, तर त्याला म्हणायचं, जा बा क्लीव्हलँडले? लाज नाही वाटत?"

"अनुमोदन!" मावशी पुन्हा म्हणाल्या.

"मावशी, तुम्ही दोन्ही बाजूंना अनुमोदन देताय."

"दोघंही चांगलं बोलले."

मग सगळेच बोलायला लागले. आबा गेला तर रिंगवरून उसळलेला बॉल, रिबाउंड, कोण घेणार? तुझा तो बारक्या गार्ड? अहो, बारक्या सहा फूट दोन आहे. मग सहा फूट दोनने रिबाउंड मिळत असते तर मीही घेतले असते! शूटर चांगला आहे, पण डिफेन्समध्ये तो वाटेवरच्या दगडासारखा उभा असतो. दगड बरा, निदान अडखळून तरी कोणी पडेल! यशोधनने सोफ्यावरच्या उशा जमिनीवर मांडून आबाशिवाय टीम कशी पळेल ते दाखवलं. श्रीरंगकाकांनी सगळ्यात मोठी उशी उचलली आणि म्हणाले, हा आबा, आता काढा बॉल याच्याकडून. वरून सुनेत्राने दुसरा घाणा पाठवला आणि तो कधी संपला ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

अस्मिताच्या ओठांवर शब्द येत होते आणि ती ते गिळत होती. यशोधनचं म्हणणं बरोबर होतं, पण मुद्दा चुकत होता. आबाचे गुडघे ब्रेकसारखे झिजत होते, आणि ब्रेक किती झिजेल हे गाडी कुठल्या रस्त्यावर चालते यावर ठरतं. हॅमर्स सतत धावणारे. ॲडमिरल्स संथ. तिकडे आबा आणखी बरीच वर्षं टिकला असता. मागच्या वर्षी तिने हेच तर मांडलं होतं, आणि ती सपशेल हरली होती.

"मतदान!" विनयराव ओरडले. हात वर झाले. पाठवावा म्हणणारे आठ, ठेवावा म्हणणारे आठ. मावशींनी दोन्ही वेळा हात वर केला होता, त्यांना पुन्हा विचारलं, त्या ठेवायच्या बाजूला गेल्या, तरी आठ-आठच; कारण दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी वडा मागायला वर केलेला हात मोजायचा राहिलाय असा आक्षेप आला आणि तो मत म्हणून धरला गेला.

"बरोबरी!" श्रीरंगकाका उठून उभे राहिले. "आता पोरीले बोलावंच लागते. अस्मिता, हे न्यूट्रल-बिट्रल चालणार नाही. सांग, तू कोणाच्या बाजूची?"

सगळ्यांच्या माना वळल्या. बाबाही बघत होते. खोटं बोलावं, ताप आहे म्हणावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण बाबांच्या अंगातली ती इस्त्री केलेली जर्सी तिच्या डोळ्यांसमोर होती, आणि त्या जर्सीसमोर तिला खोटं बोलता येईना.

"मी क्लीव्हलँडच्या बाजूची आहे," ती म्हणाली. "आय मीन, लिटरली. मला ॲडमिरल्समध्ये जॉब मिळालाय. फ्रंट ऑफिसमध्ये, म्हणजे प्लेयर्स निवडतात तिथे. मी हो म्हटलं. म्हणून मला बोलता येत नाही. व्होट तर नाहीच नाही."

श्रीरंगकाकांच्या हातात अजून आबाची उशी होती.

"त्यांना तू सापडलीस कुठे?" विनयरावांनी विचारलं. आवाज अगदी सरळ होता, कामकाजाचा.

अस्मिताला हा प्रश्न यायला नको होता. "मागच्या वर्षीच्या ईमेलमधून, बाबा. 'आबाला क्लीव्हलँडला देऊ नये' या ठरावाला तू माझं भिन्नमत जोडलं होतंस ना? आबाच्या गुडघ्यांचं ॲनालिसिस. ते त्यांनी वाचलं."

"पण ते आपण आपल्या टीमला पाठवलं होतं."

"आणि खाली तू कॉपी टाकली होतीस त्यांना."

विनयरावांचे ओठ हलले. मग त्यांनी ते शब्द मोठ्याने म्हटले, सावकाश, "प्रत माहितीसाठी."

जिल्हा परिषदेतल्या हेडक्लार्कच्या मुलाला हे कुणी शिकवावं लागत नाही. पत्रात ज्याचं नाव येतं, त्याला एक प्रत जायलाच हवी. ठरावात क्लीव्हलँडचा उल्लेख, म्हणून क्लीव्हलँडला प्रत. आणि हरलेल्या सभासदाचं म्हणणं सोबत जोडायचं, कारण सभा न्यायाने चालली पाहिजे. हाडवैरी असले म्हणून रीत मोडायची नाही.

"विन्या!" श्रीरंगकाका कसेबसे हसू दाबत म्हणाले, "तूच दिली बे पोरगी! स्वतःच्या हाताने! रजिस्टर्ड पोस्टाने दिल्यासारखी दिली!"

आणि बेसमेंट फुटलं. यशोधनने "फ्रंट ऑफिस! फ्रंट ऑफिस!" असं ओरडत अस्मिताचा हात खांद्यापासून निखळेल इतका हलवला, मावशींनी तिच्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली, कुणी म्हणालं पेढे, कुणी म्हणालं फितूर. तिला हसू येत होतं आणि ती त्या गर्दीतून बाबांना शोधत होती. अध्यक्षांची खुर्ची रिकामी होती.

विनयराव मागच्या डेकवर ग्रिलपाशी उभे होते. कणसं भाजायला ठेवली होती आणि ते ती उलटत होते, गरज नसताना. अस्मिता जाळीचं दार सरकवून बाहेर आली. ऊन छान होतं, शेजारचं कोणीतरी लॉन कापत होतं.

"ट्रेडबद्दल बोलायचं नाही?" त्यांनी वळून न बघता विचारलं.

"नाही."

"ड्राफ्टबद्दल?"

"नाही."

"मॅच बघताना रेफरीला शिव्या?"

"त्या चालतील बहुतेक. विचारते."

त्यांनी एक कणीस उलटलं, पुन्हा सुलटं केलं. "काँग्रॅच्युलेशन्स," ते म्हणाले. "खरंच. मला फार आनंद झालाय, अस्मिता. इतका झालाय, की मला आत ओरडता येईना, म्हणून बाहेर आलो." आणि मग कणसाकडेच बघत, "पण मग आपण बोलायचं काय गं?"

कालपासून तिलाही हेच भेडसावत होतं, आणि बाबांना ते इतक्या लवकर, इतकं सरळ विचारता येईल असं तिला वाटलं नव्हतं. "आय डोन्ट नो, बाबा."

"मला दुसरं काही येत नाही. तुझ्या आईला येतं. ती बरोबर विचारते, जेवलीस का, झोपलीस का. मी विचारलं तर तू फाइन म्हणशील."

"म्हणेन कदाचित."

"बघ."

आतून डाव आपटल्याचा आवाज आला. श्रीरंगकाकांनी सभेचा ताबा घेतला होता. "अध्यक्ष पळाले की काय बे?"

विनयरावांनी डोळे पुसले. धुराचं निमित्त होतंच. मग त्यांनी जर्सी खाली ओढून नीट केली. "तू आत येऊ नकोस," ते म्हणाले, आणि आता त्यांच्या आवाजात पुन्हा कामकाज आलं होतं. "तू समोरच्या टीमची. आमचा ठराव अजून लटकलाय. आणि कणसं जाळू नकोस."

जाळीचं दार त्यांनी ओढून घेतलं. पण बेसमेंटच्या जिन्याचं दार उघडंच राहिलं, आणि सभेचा आवाज त्या जाळीला काही दाद देणारा नव्हता. सुनेत्रा मिठाची वाटी आणि लिंबं घेऊन बाहेर आली. मायलेकी ग्रिलपाशी उभ्या राहून ऐकत राहिल्या.

"अध्यक्षाला ठराव मांडता येत नाही," बाबांचा आवाज आला, "म्हणून मी थोड्या वेळासाठी खुर्ची सुहासिनी मावशींना देतो. मावशी, बसा. ठराव असा, की कुमारी अस्मिता खटावकर हिला क्लीव्हलँडला सन्मानाने सोडण्यात यावं."

"बदल्यात काय?" यशोधन. "काका, तिच्या बदल्यात कमीत कमी दोन फर्स्ट राउंड पिक पाहिजेत!"

"तीन!" दुसरं कोणीतरी. "आणि तो शूटर!"

"त्यांचा कोचच मागा!" श्रीरंगकाका. "अशी पोरगी फुकटात देऊन राहिले काय? मी तर म्हणतो, त्यांनी प्लेऑफमध्ये एक मॅच आपल्याला आधीच देऊन टाकावी!"

पुन्हा गदारोळ. अस्मिता इतकी हसत होती, की तिने चिमटा आईच्या हातात दिला. आपल्याला इतका भाव आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"बदल्यात एकच," बाबा म्हणाले, आणि आवाज हळूहळू खाली आला. "दर रविवारी एक फोन. बास्केटबॉल सोडून कशावरही."



"अनुमोदन," मावशी म्हणाल्या. मग बहुधा त्यांना आठवलं, की आपण आता अध्यक्ष आहोत. "नाही, थांबा, मला देता येत नाही. श्रीरंग, तू दे."

"दिलं," श्रीरंगकाका म्हणाले. "दिलं, विन्या."

टाळ्या झाल्या. सुनेत्राने चिमटा खाली ठेवून लेकीचा हात हातात घेतला.

"आता पहिला ठराव," बाबा पुन्हा खुर्चीत बसल्याचं त्यांच्या सुरावरून कळत होतं. "आठ-आठ. बरोबरी झाली तर अध्यक्षाला निर्णायक मत असतं. मी ते आजवर कधी वापरलं नाही."

"वापर ना आता!" श्रीरंगकाका खुश झाले होते. "सगळ्यांना माहीत आहे तुझं मत. अंगावर तर घालून बसला आहेस! आबा राहिला, भाऊ!"

"माझं मत," विनयराव म्हणाले, "आबाला क्लीव्हलँडला पाठवावं."

एखादी खुर्ची पडल्यासारखा आवाज आला. "काय? तू? विन्या, तू बे? आबाले?"

"हो."

"अरे, पण का?"

"तिकडे तिच्या ओळखीचं कोणी नाही," विनयराव म्हणाले. "आपला एक माणूस तरी असू दे तिच्याजवळ."

डेकवर अस्मिताने आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. सुनेत्रा तिची पाठ थोपटत राहिली आणि कणसं एका बाजूने चांगलीच काळी झाली.

आत यशोधनच्या बाजूचे नाचत होते, श्रीरंगकाका ओरडत होते, "विरोध! माझा विरोध नोंदवा! रडवून मतं घेऊन राहिला हा माणूस!" आणि मावशी इतिवृत्त लिहायला पेन शोधत होत्या, कारण चिटणीस आता परक्या टीमची झाली होती. थोड्या वेळाने जाळीचं दार सरकलं आणि विनयराव बाहेर आले. अस्मिताने तोवर तोंड पुसलं होतं.

"निकाल तुला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "गोपनीय आहे."

"मी काही ऐकलं नाही, बाबा."

"बरं."

त्यांनी सगळ्यात कमी जळलेलं कणीस निवडलं, लिंबू-मीठ चोळलं आणि तिच्या हातात दिलं. मग ते कठड्याला टेकून उभे राहिले आणि लॉनकडे बघत विचार करू लागले. नियमांचं पुस्तक पाठ करताना त्यांचा चेहरा असाच होत असणार.

"तिकडे," शेवटी त्यांनी सुरुवात केली आणि घसा साफ केला. "तिकडे कणसं कशी मिळतात?"

अस्मिताच्या जिभेवर 'फाइन' आलंच होतं. तिने ते कणसाच्या घासाबरोबर गिळलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण मागच्या आठवड्यात इंटरव्ह्यूला गेले तेव्हा शनिवारी थांबून एक अपार्टमेंट बघून आले, तिथे खाली रस्त्यावर बाजार भरतो. एक आजोबा फक्त टोमॅटो विकतात, तेरा प्रकारचे. त्यांनी मला एक हातात दिला आणि म्हणाले, वास घे आधी. आणि बाबा, अपार्टमेंटची खिडकी तलावाकडे आहे, पण मध्ये एक मोठी भिंत आहे, त्यामुळे तलाव फक्त किचनमधल्या स्टुलावर उभं राहिलं तरच दिसतो..."

विनयराव ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, स्टूल केवढं आहे, आणि तिने हाताने उंची दाखवली.